खर्ज

पहाटे चारला आमच्या गल्लीत काय काय ऐकू येतं ते मी न चुकता सांगू शकेन. कृष्णेवरून येणाऱ्या वाऱ्यानं कुणाच्या तरी न्हाणीघरावरचा सैल पत्रा हलतो. कोपऱ्यावरच्या घरात एक जुना खोकला उठतो आणि पाणी पिऊन निजतो. साडेचारला दूधवाल्याच्या किटल्या एकमेकींवर आपटत येतात. सांगलीच्या गावभागातली ही गल्ली इतकी अरुंद आहे, की समोरासमोरच्या बायका उंबऱ्यात उभ्या राहून एकमेकींना विरजण देतात. दोन्ही बाजूंना जुन्या घरांच्या दगडी भिंती आहेत, त्यामुळे इथं झालेला आवाज लवकर विरत नाही. या भिंतीवरून त्या भिंतीवर जातो आणि वाटेत लागेल त्या खिडकीतून आत शिरतो. अशा गल्लीत मोटार सुरू करणं ही एकट्याची गोष्ट राहत नाही.

आमची मोटार म्हणजे बाबांची एस्टीम. २००० साली घेतलेली, पांढरी. १२९८ सीसीचं, सोळा वॉल्व्हचं, ८५ अश्वशक्तीचं इंजिन. त्या काळात एवढ्या हलक्या गाडीला ही ताकद पुष्कळ होती, आणि रॅलीत धावणारी पोरं याच इंजिनावर जीव टाकत. बाबांना रॅलीशी काही घेणं नव्हतं. ते साखर कारखान्यात टर्बाइनवर होते. गळीत हंगामात दिवस-रात्र घरघरणाऱ्या त्या हॉलमध्ये त्यांची तीस वर्षं गेली आणि त्यांचे कान तिथंच राहिले.

अशा आवाजानं जाणारे कान एकदम जात नाहीत, वरच्या पट्टीपासून जातात. चार हजार हर्ट्‌झच्या आसपास पहिली खिंड पडते आणि मग ती रुंदावत जाते. आधी कुकरची शिट्टी गेली, मग दारावरची घंटा, मग माणसांच्या बोलण्यातले स आणि श, त आणि थ. सुनेचं बोलणं त्यांना व्यंजनं पुसून नुसते स्वर उरल्यासारखं लागे. राहिलं ते खालचं. ढोल, ढगांचा गडगडाट, मालगाडी. आणि माझ्या तंबोऱ्याचा खर्ज.

तंबोरा मिरजेचा. तिथल्या सतारमेकर गल्लीत बाबांनीच घेऊन दिलेला, मी सोळा वर्षांची असताना. भोपळा मंगळवेढ्याकडचा. माझी पट्टी काळी चार, म्हणजे खर्जाची तार सेकंदाला १०४ वेळा कंप पावते. मी तारा लावायला बसले की बाबा शेजारी येऊन बसायचे आणि तळहात भोपळ्याच्या पोटावर ठेवायचे. खर्ज जोडीच्या षड्‌जाशी जुळत आला की भोपळा आतून एका जागी थरारतो. ते माझ्या कानांच्या आधी त्यांच्या तळहाताला कळायचं. ते म्हणायचे, "लागला." आणि उठून जायचे. मी पुढं अर्धा मिनिट खुंट्या पिळत बसे, आणि शेवटी तिथंच येऊन थांबे.

ताकद वाढवायची गोष्ट निघाली ती आंबा घाटामुळे. आमचं मूळ गाव रत्नागिरीकडचं. वर्षातून चार-पाच फेऱ्या ठरलेल्या. कोल्हापूर, मलकापूर, आंबा, मग घाट उतरून साखरपा. जाताना उतार, येताना चढ. वीस वर्षं झालेली गाडी, आत तिघं-चौघं, मागं आंब्याच्या पेट्या, उन्हाळ्याचा एसी सुरू, आणि पुढं मालानं खचाखच भरलेला ट्रक. त्याला ओलांडायला मोकळा रस्ता मिळतो तो दोन वळणांच्या मधला, पाच-सहा सेकंदांचा. त्या पाच सेकंदांत गाडीनं साथ दिली नाही तर माणूस समोरून येणाऱ्या एसटीच्या तोंडी उभा राहतो. एकदा मी तशी उभी राहिले होते. एसटीच्या ड्रायव्हरनं गाडी कडेच्या मातीत घातली म्हणून आम्ही आहोत. तेव्हापासून मला ताकद हवी होती, आणि ती हवी म्हणण्यात मला काही उथळ वाटत नाही. हाताशी राखून ठेवलेली ताकद हा एक प्रकारचा सुज्ञपणाच आहे.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात एक मिस्त्री आहेत. शेतीपंपाच्या इंजिनांपासून रेसच्या गाड्यांपर्यंत सगळं त्यांच्या हाताखालून गेलेलं. ओतकामाच्या भट्ट्या आणि लेथ यांच्या या वस्तीत लोखंडाचा वास हवेतच असतो. मिस्त्रीकाकांनी बॉनेट उघडलं, इंजिन ऐकलं, आणि पहिला प्रश्न विचारला तो असा :

"ताई, ताकद पायजे का आवाज पायजे?"

मी म्हटलं, "ताकद. आवाज अजिबात नको."

"मग बरं. दोन्ही एकाच नळीतनं भाईर पडत्यात, म्हणून लोकास्नी एकच वाटत्यात."

मोठं इंजिन टाकून देणारे पुष्कळ होते. त्यांना मी नाही म्हटलं. गाडीच्या नोंदणीत कंपनीनं जे लिहिलंय त्याच्याशी विसंगत बदल करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ लावताना सांगितलंय. मलाही बाबांचं इंजिन काढून दुसऱ्या कुणाचं बसवायचं नव्हतं. इंजिन तेच, नंबर तोच. जे करायचं ते त्याच्या श्वासात.

कारण इंजिन म्हणजे मुळात श्वासच आहे. हेड उतरवून काकांनी मला पोर्ट दाखवले. हवा आत यायची आणि धूर बाहेर जायची भोकं. ओतकामात त्यांच्या आतल्या भिंती खडबडीत राहतात आणि गॅस्केटच्या तोंडाशी धातूची कड पुढं आलेली असते. त्या कडा त्यांनी दोन दिवस बसून घासल्या. वॉल्व्ह बसवून घेतले, हेडचा चेहरा किंचित उतरवून कॉम्प्रेशन वाढवलं, कॅमशाफ्ट जरा जास्त उचल देणारा घातला. मग आला मॅनिफोल्ड. चार सिलिंडरच्या चार नळ्या, पहिली चौथीशी आणि दुसरी तिसरीशी जोडलेली, आणि पुढं दोन्हींची एक. या जोड्या मनाला येईल तशा लावलेल्या नसतात. स्फोटांचा क्रम एक, तीन, चार, दोन असा आहे, त्यामुळं पहिला आणि चौथा एकमेकांपासून बरोबर एका फेऱ्याच्या अंतरावर उच्छ्वास टाकतात आणि एकमेकांच्या पायात येत नाहीत.

हा उच्छ्वास साधा नसतो. पिस्टन तळाला पोचायच्या आधीच एक्झॉस्ट वॉल्व्ह उघडतो, तेव्हा सिलिंडरमध्ये बाहेरच्या हवेच्या कितीतरी पट दाब शिल्लक असतो. तो सुटतो तो धक्क्यानं, आणि प्रत्येक धक्क्यामागं एक पोकळी धावते. ती पोकळी वेळेवर दुसऱ्या वॉल्व्हशी पोचली तर तिथला उरलेला धूर ओढून घेते आणि ताज्या हवेला जागा करून देते. झोपाळ्यावर बसलेल्याला योग्य क्षणी पाय देण्यासारखं आहे हे. सगळी कमाई वेळ साधण्यात.

यावरूनच लोकांचा एक समज झालाय, की इंजिनाला मागून थोडा अडथळा लागतोच, सायलेन्सर फार मोकळा केला की पिकअप जातो. पिकअप जातो हे खरं, पण कारण वेगळं आहे. शेतातला पाट रुंद केला तर पाणी पसरतं आणि त्याचा वेग मरतो, अरुंद केला तर तुंबतं. नळीचंही तसंच. इंजिनाला अडथळा नको असतो, धुराचा वेग हवा असतो. आमच्या गाडीला पावणेदोन इंची नळी पुरेशी होती. अडीच इंची घालून गाडी गुरगुरवणारे त्या गुरगुरण्याची किंमत खालच्या गिअरमध्ये भरत असतात.

पेट्रोलचा हिशेब संगणकात नव्याने बसवल्यावर ताकद शंभराच्या आसपास पोचली. पंधरा-एक अश्वशक्तीची भर. पहिल्यांदा घाट चढले तेव्हा मला गाडीच्या पाठीवर कुणीतरी हात ठेवल्यासारखं वाटलं.

आणि मग सायलेन्सर. इथं मी चुकले. काकांचं म्हणणं होतं, डबा आपण बांधू, पण महिना लागेल. मला घाई होती. एका दुकानातून तयार डबा आणला. चकचकीत, सरळ भोकाचा, आत जाळीची नळी आणि तिच्याभोवती काचेची लोकर भरलेली. पहिले तीन महिने तो शहाण्यासारखा वागला. पण लोकर हलक्या प्रतीची होती, आणि धुराच्या प्रत्येक धक्क्यासरशी ती जाळीच्या भोकांतून कणाकणानं उडून जात होती. डबा आतून रिकामा होत होता, वरून तसाच चमकत होता.

मार्गशीर्षातली पहाट होती. रत्नागिरीला एका कार्याला जायचं होतं. चारला किल्ली फिरवली, आणि सगळी गल्ली त्या आवाजानं भरून गेली. थंडीत इंजिन सुरू झालं की ते आधी जरा जोरातच फिरतं. मी घाबरून लगेच बंद केलं. समोरच्या घरात अकरा दिवसांचं बाळ होतं. ते रडू लागलं. दिवा लागला. त्याची पणजी दारात आली. नऊवारी, खांद्यावर शाल. ती काही बोलली नाही. नुसती दाराच्या चौकटीला हात लावून उभी राहिली आणि माझ्याकडं बघत राहिली. बाळाला झोपवायला त्या घराला किती वेळ लागला असेल ते मला ठाऊक आहे, कारण मी स्टिअरिंगवर हात ठेवून तेवढा सगळा वेळ तशीच बसून होते. मग आम्ही गाडी ढकलत नदीच्या रस्त्यापर्यंत नेली आणि तिथं सुरू केली.

त्या दिवशी घाटात मी सारखा एक हिशेब करत होते. मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते, आकडे हा माझा आधार आहे. ८५ ची १०० झाली. आवाज जर ताकदीच्याच प्रमाणात वाढला असता, तर वाढ झाली असती ०.७ डेसिबल. एक डेसिबलही नाही. एवढा फरक कानाला उमगतसुद्धा नाही. म्हणजे त्या बाळाला उठवलं ते माझ्या पंधरा अश्वशक्तींनी नव्हे. त्याला उठवलं हलक्या लोकरीनं आणि माझ्या घाईनं. ताकद वाढवायची म्हणजे आवाज सोसायलाच हवा, हे जे सर्रास म्हटलं जातं त्यात तथ्य नाही, हे मला त्या दिवशी आकड्यात दिसलं.

पूर्वीच्या लोकांना हे आपल्यापेक्षा चांगलं कळत होतं असं मला वाटतं. रोल्स रॉइसनं १९०७ साली आपल्या एका चाळीस-पन्नास अश्वशक्तीच्या गाडीला चंदेरी रंग दिला आणि तिचं नाव ठेवलं सिल्व्हर घोस्ट. चंदेरी भूत. तिची ताकद त्या काळात भल्याभल्यांना हेवा वाटावा अशी, पण नाव पडलं ते तिच्या निःशब्द येण्या-जाण्यावरून. पुढं बेंटली कंपनी त्यांच्याकडं आल्यावर १९३३ मध्ये जी नवी बेंटली निघाली, तिची जाहिरातच मूक स्पोर्ट्‌स कार अशी होती. वेग आणि मौन एकाच नावात.

आणि मॅक्सिम बापलेक. हायराम स्टीव्हन्स मॅक्सिम यांनी १८८४ च्या सुमारास आपोआप चालणारी मशीनगन तयार केली. ती चालवून बघता बघता त्यांचे कान गेले. त्यांचा मुलगा हायराम पर्सी मॅक्सिम यानं बंदुकीचा सायलेन्सर काढला, १९०९ साली त्याचं पेटंट घेतलं, आणि तेच तत्त्व इंजिनांच्या धुराड्यांनाही लावलं. बापाचे कान आवाजानं नेले आणि मुलानं आयुष्य आवाज मुका करण्यात घातलं. त्यानं हे बापासाठी केलं असं मी म्हणणार नाही, ते मनात येणं हा माझा स्वभाव आहे. पण रात्री उशिरा बाबांच्या खोलीतला टीव्ही भिंतीपलीकडून घणाणत असतो, तेव्हा मला त्या मुलाची आठवण येते.

कायदाही या बाबतीत साधा आणि नीट आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२० वा नियम सांगतो, की प्रत्येक गाडीला धुराचा आवाज शक्य तितका कमी करणारं साधन हवं. शक्य तितका. हे दोन शब्द मला फार आवडतात, कारण ते आकड्यापाशी थांबत नाहीत, माणसाच्या नियतीपाशी जातात. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत वस्तीसाठी रात्री दहा ते पहाटे सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे. कॉलेजच्या रस्त्यावर बुलेटला फटाका सायलेन्सर लावून फिरणारी माझी विद्यार्थी पोरं सापडतात, दंड भरतात, पोलीस त्या नळ्या रस्त्यावर मांडून वरून रोडरोलर फिरवतात. मला त्या पोरांचा राग येत नाही. आपण या जगात आहोत हे कुणाला तरी कळावं, एवढंच त्यांना हवं असतं. पण त्यांना कळवायचं असतं त्या मुलीची खिडकी एक, आणि जाग येते ती पन्नास खिडक्यांना.

दुसरा डबा काकांनी बांधला. महिना नाही, दोन महिने लागले. मधल्या डब्यात दोन कप्पे, धूर एकातून दुसऱ्यात वळसा घेऊन जातो, आणि मोठ्या पोकळीत शिरताना त्याचा धक्का मोडतो. मागच्या डब्यात सरळ जाळीची नळी, म्हणजे धुराला अडथळा नाही. पण तिच्याभोवती आधी स्टीलच्या तारेची लोकर, मग बसाल्टची. धुराचा मारा तार सोसते, आवाज दगडाची लोकर गिळते. बसाल्ट म्हणजे आपला काळा कातळ. ज्या दगडानं आमच्या गल्लीच्या भिंती झाल्या आणि आवाज परत फेकला, त्याच जातीचा दगड कातून लोकर केली की आवाज पितो, याचं मला अजून नवल वाटतं. डब्याच्या तळाला एक बारीक भोक. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ लिटरभर पाणी तयार होतं, ते वाफ होऊन जातं. गाडी नीट तापली नाही तर डब्यातच साचून त्याला आतून खातं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर होता तसा ठेवला. तो काढा म्हणजे अजून दोन घोडे मिळतील, असं सांगणारेही भेटले होते.

गल्लीत गाडी सुरू केली. मी घरात जाऊन समोरच्या बाजूच्या खिडकीशी उभी राहिले. भाऊ गाडीत. कुकरच्या वाफेसारखा एक मऊ फुसफुसाट, बस्स.

पण आत बसून महामार्गाला लागले, आणि एक नवीनच गोष्ट निघाली. इंजिन तीन हजार शंभर फेऱ्यांवर आलं, की सगळी गाडी आतून भरून यायची. बाहेर काही नाही. आत मात्र कानांवर कुणी तळवे दाबून धरल्यासारखं. घूं. वेग वाढवला की जायचं, कमी केला की जायचं. आणि पाचव्या गिअरमध्ये शंभराच्या वेगाला इंजिन नेमकं तिथंच येतं. तासभर त्यात बसलं की डोकं जड होई.

ते ऐकत मी शिरोलीपर्यंत गेले, आणि तोंडानं नकळत सा लावला. तंतोतंत जुळला. काळी चार. मी गाडी कडेला घेतली. चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक फेऱ्याला दोन स्फोट. मिनिटाला ३१०० फेरे म्हणजे सेकंदाला १०३ धक्के. माझ्या तंबोऱ्याचा खर्ज. एस्टीमच्या टपाखालची पोकळी हा भोपळा, आणि कोल्हापुरात बांधलेली ती नळी त्याची तार.

जे भोपळ्यात आवाज वाढवतं, तेच शास्त्र नीट वापरलं तर आवाज मारतं. हेल्महोल्ट्‌झ या जर्मन शास्त्रज्ञानं १८६३ च्या आपल्या ग्रंथात पोकळ गोळ्यांबद्दल लिहिलंय. तोंड असलेली प्रत्येक पोकळी आपला एकच सूर ओळखते, गर्दीतून तेवढाच उचलते. वर्गात हे शिकवताना मी त्याचं नाव सांगते, पण मला ते कळलं होतं त्याच्या फार आधी, लग्नानंतरच्या पहिल्या अष्टमीला. आश्विनातली रात्र, तांदळाच्या उकडीचा देवीचा मुखवटा, आणि उदाच्या धुरात घागरी फुंकणाऱ्या बायका. फुंकर कशीही मारा, घागर आपल्याच सुरात बोलते. माझ्या आतेसासूची घागर मोठी, तिचा सूर खोल. माझी लहान, चढ्या सुराची. पोटात किती जागा आणि तोंड केवढं, यावर सगळं ठरतं.

गाडीखाली घागर बसवायला जागा नव्हती. दुसरा उपाय होता. मुख्य नळीला फुटवा काढायचा, म्हणजे एका टोकाला बंद असलेली दुसरी नळी. नको असलेल्या सुराच्या तरंगलांबीच्या चौथ्या हिश्शाएवढी ती लांब ठेवायची. तो सूर आत जातो, बंद टोकावर आपटून परत येतो, आणि जाऊन-येऊन अर्धी लांबी चालल्यामुळं उलटा होऊन येतो. मूळ सुराच्या समोर उभा राहतो आणि दोघंही मिटतात. बाकीच्या आवाजाला, धुराला, ताकदीला कुणी हात लावत नाही.

मी वहीत हिशेब केला. आवाजाचा वेग सेकंदाला ३४५ मीटर, भागिले चार, भागिले १०३. चौऱ्याऐंशी सेंटिमीटर. काकांनी नळी कापली, आर्गननं जोडली. महामार्गावर गेले तर घूं जिथल्या तिथं. उलट अडतीसशेच्या पुढं, जिथं कधी काही त्रास नव्हता, तिथं गाडी अचानक गप्प झाली होती.

परत आले. काका चहा ओतत होते. मी वही उघडून दाखवली. त्यांना त्यातलं गणित वाचता येत नव्हतं. त्यांनी नुसतं विचारलं, "ह्यो आवाजाचा वेग थंड हवेतला का गरम?"

तापलेल्या वायूत आवाज जास्त वेगानं धावतो, म्हणून बासरी हातात तापली की चढते. हे मी पंचवीस वर्षं शिकवत आले आहे. धुराच्या नळीसाठी मात्र मी वर्गातल्या हवेचा आकडा धरला होता.

फुटव्यात धूर वाहत नाही, म्हणून तो मुख्य नळीपेक्षा थंड. पण किती थंड ते कुणी सांगावं? काकांनी नळी लांब केली आणि बंद टोकाला डाट बसवला, आत-बाहेर सरकणारा, बोल्टनं आवळता येणारा. मग आम्ही दोघं शिरोलीपासून पुढं सर्व्हिस रोडवर. जरा जायचं, थांबायचं, हातमोजे घालून डाट दोन बोटं सरकवायचा, पुन्हा जायचं. मी षड्‌ज धरून बसलेली, काका स्टिअरिंगवर. तंबोऱ्याची खुंटी पिळावी तसंच. फक्त तिथं सूर जुळवायचा असतो, इथं नाहीसा करायचा होता. एक मीटर चार सेंटिमीटरला तो गेला. सगळीकडं फक्त टायरचा आणि वाऱ्याचा आवाज. काकांनी डाट आवळला आणि नळीवर पंचनं दोन खुणा मारल्या. एक बरोबर जागेची, एक माझ्या पहिल्या चौऱ्याऐंशीची. "ऱ्हाऊ दे," म्हणाले. "आठवण."

पुढच्या महिन्यात बाबांना घेऊन निघाले. पहाटे चार. समोरचा दिवा लागला नाही. कोल्हापूर मागं पडलं, मलकापूरच्या अलीकडं मोकळा रस्ता लागला, शंभरचा वेग. बाबा पुढं बसले होते. त्यांनी तळहात डॅशबोर्डवर ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. मग सीटला लावून पाहिला. माझ्याकडं वळून विचारलं, "बंद पडली का गं?"

मी मान हलवली. काट्याकडं बोट दाखवलं.

"मग जीव का लागत नाही गाडीत?"

थांबून, मोठ्यानं, हातवारे करून मी त्यांना फुटव्याची गोष्ट सांगितली. त्यांना ती तेव्हाच कळली, ते यंत्रातले माणूस. म्हणाले, "छान झालं. गल्लीला त्रास नको." आणि खिडकीबाहेर बघू लागले. घाट उतरून साखरपा येईपर्यंत त्यांचा हात डॅशबोर्डवर होता, पण तो काही ऐकत नव्हता. नुसता ठेवलेला होता.

मी त्यांच्यापासून काय काढून घेतलं ते मला परतीच्या चढावर समजलं. वीस वर्षं ही गाडी त्यांना त्यांच्या हाडांतून ऐकू येत होती. आणि मधल्या दोन फेऱ्यांत तर तिनं नेमका तोच एक सूर धरला होता, जो जगातल्या सगळ्या आवाजांपैकी त्यांच्यापर्यंत अजून पोचत होता.

आता असं करते. बाबा बरोबर असतील तेव्हा आदल्या रात्री, गाडी थंड असताना, अंगणात गोणपाट अंथरून खाली सरकते. बोल्ट सैल करते, डाट आत ढकलत चौऱ्याऐंशीच्या खुणेवर आणते, आवळते. पाच मिनिटांचं काम. मागच्या डब्याला, बाहेरच्या शांततेला त्यानं काही होत नाही. पहाटे गल्लीतून आम्ही तसेच फुसफुसत निघतो.

गेल्या वैशाखात मलकापूर मागं टाकल्यावर मी गाडी पाचव्यात घातली आणि काटा तीन हजार शंभरवर आणून स्थिर धरला. टप भरून आलं. बाबा डोळे मिटून होते, मला वाटलं झोपलेत. त्यांचा हात मांडीवरून उठला, डॅशबोर्डवर पसरला, आणि जरासा डावीकडं सरकून एका जागी थांबला.

"लागला," ते म्हणाले.